वस्तरा आणि त्याचा दगड

बौद्ध भिक्षूने जवळ बाळगायच्या वस्तू परंपरेने आठ मानल्या आहेत : तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, सुई, पाणी गाळायचे फडके आणि वस्तरा. घरदार सुटले तरी मुंडन सुटत नाही, म्हणून वस्तराही सुटत नाही. पण विनयपिटक एवढ्यावर थांबत नाही. त्यातल्या ‘चुल्लवग्गा’त भिक्षूंना वस्तऱ्यासोबत वस्तऱ्याचा दगड, त्याचे म्यान आणि नमद्याचा तुकडा ठेवायचीही मुभा दिली आहे. हातात नुसता वस्तरा देऊन भागत नाही, हे नियम करणाऱ्याला पक्के ठाऊक होते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या सभेत, हे विनयाचे नियम ज्याने म्हणून दाखवले असे परंपरा सांगते, तो उपाली पूर्वाश्रमीचा न्हावी. मला यात नवल वाटत नाही.

वस्तऱ्याची कुळकथा सांगणारे बहुधा पोलादाची गोष्ट सांगतात. ती सांगायलाच हवी, पण दगडाला बाजूला ठेवून सांगितली तर अर्धीच राहते. आजही कमी पैशात वस्तरा घेऊ पाहणारा माणूस फसतो तो इथेच. पाते स्वस्तात मिळते. धार त्या किमतीत धरलेली नसते.

मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्या-काशाचे वस्तरे सापडले, इजिप्तमध्ये थडग्यांतून काशाचे. म्हणजे वस्तू चार हजार वर्षांहून जुनी. मात्र या प्रदीर्घ काळात बहुतेक पुरुषांनी स्वतःचा वस्तरा कधी विकत घेतलाच नाही. आपल्याकडची व्यवस्था सर्वांना माहीत आहे. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वस्तरा, कातर, नराणी, वाटी, आरसा, दगड आणि चामड्याचा पट्टा त्याच्या धोकटीत. गिऱ्हाइकाने सुगीला धान्य घालायचे आणि वर्षभर हनुवटी पुढे करायची. पात्याची झीज, दगडाची झीज, रोज पट्ट्यावर वस्तरा फिरवण्याचे श्रम, सगळे त्या पायलीभर धान्यात. खर्च होता, फक्त तो गिऱ्हाइकाला दिसत नव्हता.

धार एकाच समाजाच्या हाती असण्याला दुसरीही बाजू होती. १८९० साली मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्या काळी घरोघर वस्तरे असते तर या नकाराला तेवढे वजन आले नसते.

युरोपातही फार निराळे नव्हते. दाढी स्वतःची स्वतः करता येते हे माणसांना शिकवावे लागले. पॅरिसचा कटलर, म्हणजे चाकू-वस्तरे घडवणारा कारागीर, झाँ-झाक पेरे याने १७६९ मध्ये ‘पोगोनोतोमी’ नावाचे पुस्तक काढले ते याचसाठी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुस्तकाचे नाव ऐसपैस आहे, आणि त्या नावातच धारेचे दगड कसे ओळखावेत आणि पट्ट्याचे चामडे कसे तयार करावे हे शिकवण्याचे वचन आहे. दाढी शिकवायची तर दगडापासून सुरुवात करावी लागते, हे पेरेलाही चुकले नाही.

पोलादाची खरी अडचण त्याच्या नितळपणाची होती. उत्तम लावलेल्या वस्तऱ्याची धार टोकाशी एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. जुन्या पद्धतीचे पोलाद कोळशाच्या भुकटीत लोखंडाच्या पट्ट्या दिवसचे दिवस तापवून करत. कार्बन वरून आत झिरपे, त्यामुळे पट्टी बाहेर कडक आणि आत मऊ राही. मधेमधे मळीचे कणही असत. कोयत्याला हे चालते. वस्तऱ्याच्या धारेत मळीचा एक कण आला, की तिथे खाच पडलीच. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला आपल्या स्प्रिंगांसाठी एकसारखे पोलाद हवे होते. शेफील्डजवळच्या हँड्सवर्थ गावी त्याने ते पोलाद मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली. शेफील्डच्या कारागिरांनी आधी नाक मुरडले. हे फार कडक, घडवायला जड. हंट्समनने माल फ्रान्सला विकला. तिथून चांगले वस्तरे नि चाकू उलट इंग्लंडात येऊ लागले, तेव्हा मंडळी ताळ्यावर आली. त्यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षे ‘कास्ट स्टील’ असे कोरलेला शेफील्डचा वस्तरा जगभर गेला. ही चमक स्वस्तात आली नव्हती. वाळूच्या दगडाच्या चाकावर पाती घासणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांत धूळ साचे आणि त्यातले पुष्कळ ऐन तारुण्यात दम्यासारख्या आजाराने मरत.

या कथेत मुंबईही डोकावते, आणि जरा गमतीदार रीतीने. १७९० च्या दशकात हेलेनस स्कॉट या मुंबईतल्या डॉक्टरने हिंदुस्थानी पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. जॉर्ज पिअर्सन याने १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचला. निबंधाच्या मथळ्यात हे ‘वूट्झ’ पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे. प्रत्यक्षात ते दक्षिणेत, म्हैसूर-सेलम-तेलंगणाच्या बाजूला, लहान मुशींत होत असे. मुंबईहून फक्त पार्सल गेले. लंडनचा कटलर जेम्स स्टोडार्ट या पोलादावर इतका खूश झाला, की दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्याने वूट्झचे वस्तरे असल्याचे छापले आणि युरोपातल्या उत्तम पोलादाहून आपण ते पसंत करतो असे वर सांगितले. पुढे त्याने मायकेल फॅरेडेला बरोबर घेतले. हा फॅरेडे म्हणजे विजेवाला फॅरेडेच, लोहाराचा मुलगा. वूट्झमध्ये असे आहे तरी काय, हे शोधताना दोघांनी पोलादात नाना धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाचशे भागांत एक भाग चांदी, हे त्यांतले एक यशस्वी मिश्रण. झाले. शेफील्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे झळकू लागली, आणि चांदीचा पत्ता नसलेल्या पात्यांवरही पुढे बराच काळ झळकत राहिली. जुन्या बाजारात हे नाव पाहून कोणी जास्त भाव सांगितला, तर एवढी हकिकत लक्षात ठेवावी.

जुना वस्तरा पाचरीसारखा भरीव असे. असे पाते दगडावर धरले की घासायला पोलाद फार, म्हणून धार यायला वेळ फार. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः जर्मनीच्या झोलिंगेनमध्ये, पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर खोलगट घासायची कला पराकोटीला गेली. पाठ जाड, मधला भाग कागदासारखा, टोकाला धार. फायदा नुसता हलकेपणाचा नाही. असे पाते दगडावर आडवे टाकले की फक्त पाठ आणि धार एवढ्या दोनच ठिकाणी टेकते. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून धारेचा कोन आपोआप ठरतो, साधारण सोळा-सतरा अंश. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा तो स्वतः सांभाळतो. पाठ आणि धार दोन्ही बरोबरीने झिजत असल्याने वर्षानुवर्षे कोन जवळपास तोच राहतो. मला विचाराल तर या वस्तूतली सर्वांत हुशार गोष्ट हीच. नवशिक्याला घरच्या घरी वस्तऱ्याला धार लावता येते ती तिच्याच जिवावर.

मग किंग जिलेटने वापरून फेकायचे पाते आणले आणि दगडच काढून टाकला. त्याची कंपनी १९०१ ची. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली, आणि युद्धावरून परतलेली पिढी दगड-पट्टा विसरून आली. सलूनमधला वस्तरा मात्र पुष्कळ वर्षे टिकला. एड्सच्या धास्तीने तोही गेला. आज आपला न्हावी दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धे पाते वस्तऱ्याच्या खोबणीत सरकवतो आणि दाढी झाली की फेकतो. आकार तोच राहिला आहे. धार लावण्याचे कौशल्य त्यातून गेले, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते गेले हे बरेच झाले.

म्हणूनच आजोबांच्या ट्रंकेतले, पुण्याच्या जुन्या बाजारातले किंवा मुंबईच्या चोरबाजारातले खरे वस्तरे आज कमी पैशात मिळू शकतात. त्यांचे मोल जाणणारा हात कमी झाला आहे. अशा वस्तऱ्याची मूठ तडकलेली असेल तर आनंद माना. मूठ बदलता येते आणि भाव पाडता येतो. पाठीवरचा, मधला गंज वॉटर पेपरने निघतो. धारेलगतचा गंज मात्र पोलाद खात खोल गेलेला असतो. घासत जावे तसतशी नवी भोके उघडी पडतात. पात्याला कुठेही तडा असला तर फुकटही घेऊ नये. काचेवर आडवा टाकून पाठ आणि धार सगळीकडे टेकतात का ते पाहावे. धार किंचित बाहेर फुगलेली चालते, मधे आत वळलेली चालत नाही. नुसते ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असे देशाचे नाव कोरलेले असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक झाले, त्याची ती खूण. नव्या, चकचकीत आणि संशय यावा इतक्या स्वस्त स्टेनलेस वस्तऱ्यांच्या वाटेला न गेलेले बरे. त्यांतले बरेचसे शोभेचे. पोलाद मऊ, धार लागली तरी टिकत नाही. स्वस्त चिनी कार्बन पोलादाचे वस्तरे त्यापेक्षा परवडतात, पण त्यांची घडण ओबडधोबड, म्हणून दगडावरचे काम दुप्पट.

वस्तरा सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे नेऊ नये. त्याच्या हातात कौशल्य असते, दोष चाकाचा. ठिणग्या उडतात तिथे पातळ धार क्षणात दोनशे अंशांपलीकडे तापते, निळसर पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. ते घरी परत चढत नाही.

पैसे वाचवायचे ते दगडात वाचतात, कसे ते सांगतो. जुने लोक बेल्जियमच्या आर्देन भागातल्या पिवळ्या कोटिक्यूल दगडाचे नाव घेतात. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. दगड सुरेख, पण खाणीत त्याची शीर पातळ, म्हणून महाग. त्याऐवजी एक हजार ग्रिटचा साधा दगड घ्यावा आणि पुढच्या पायऱ्यांसाठी जाड सपाट काचेवर लॅपिंग फिल्मचे, म्हणजे घासायचे सूक्ष्म कण लावलेल्या पातळ प्लास्टिकचे, तुकडे ओले करून चिकटवावेत : आधी तीन मायक्रॉन, मग एक. काच सपाटच असते, फिल्म झिजली की बदलायची. एक हजारी दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून वस्तरा ढकलायचा. दर फेरीला पाठीवरून उलटायचा आणि वजन अजिबात द्यायचे नाही. धारेच्या टोकापासून बुडापर्यंत प्रत्येक भागाने हातावरची लव उडेपर्यंत पुढच्या पायरीला हात लावू नये. निम्म्याहून अधिक लोक इथे घाई करतात, आणि मग बारीक फिल्म घासून घासून थकतात. ज्या धारेची दोन अंगे अजून मिळालीच नाहीत, ती घोटणार काय?

शेवटी पट्टा. इथे दिशा उलटी, पाठ पुढे. नाहीतर चामडे कापले जाते. चांगला पट्टा येईपर्यंत ताणून धरलेल्या जाड सुती कापडाला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावून, आणि त्यानंतर घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर पन्नासेक फेऱ्या मारून काम भागते. दाढी झाल्यावर पाते कोरडे पुसावे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही, तेलाचा हात फिरवावाच लागतो, आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवायचा नाही.