तेल की पाणी?

वस्तऱ्याला धार लावताना दगडावर तेल घालावे की पाणी, यावर नागपूरच्या महालातल्या दोन म्हाताऱ्या कारागिरांचा वाद आम्ही लहानपणी फुकट ऐकला. “तेलाशिवाय धार? काहीतरीच बाप्पा!” वास्तविक दोन्हींचे काम एकच: पोलादाचा चुरा दगडात रुतू न देणे. मात्र पाण्याची वाटी पुढे दाढी भिजवायलाही चालते. आमच्या बँकेला शोभेल अशी काटकसर!

धार लागली, पण चालवायची कोणावर? हा प्रश्न १८९० साली मुंबईत उठला. नावातच लोखंड असलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे पुढे झाले आणि नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाकारले. ते वस्तरे तेलावरचे होते की पाण्यावरचे, कोण विचारतो? धोकटीत मिटून राहिले, तेव्हाच ते खरे चालले.