उंचीला काय चाटायचंय?

साल १८९५. दिवाळी उलटून गेलीय, झोडणी आटोपलीय आणि तुम्ही पेण तालुक्यातल्या गागोद्यात एका शेतकऱ्याच्या पडवीत उभे आहात. याच गावात भाव्यांच्या घरी ११ सप्टेंबरला एक मूल जन्मलंय. पुढे लोक त्याला विनोबा म्हणतील आणि गणितावर त्याचा भारी जीव असेल. पण तूर्त तो पाळण्यात आहे, हिशेब तुम्हालाच करायचाय.

पुढ्यात बांबूचा तट्टा पसरलाय, ६ हात लांब, ३ हात रुंद. त्याची कणगी करून भात भरायचंय. तुम्ही शहाणपणा करता, "उंच करा, जास्त मावेल."

म्हातारा हसतो. "पाव्हणं, उंचीला काय चाटायचंय?"

तरी तुमच्या समाधानासाठी तो तशीच गुंडाळतो. बांबू चरचरतो. ३ हात घेराचं, ६ हात उंच नळकांडं डुलत उभं राहतं. "लाभ, दोन, तीन…" एक म्हणायचं नसतं, मापाची सुरुवात लाभापासून. शेवटच्या पायल्या शिडीवरून ओताव्या लागतात.

मग तो सगळं उपसतो आणि तट्टा फिरवतो. आता घेर ६, उंची ३. मघाचं सारं भात आत जातं आणि कणगी निम्मीच भरते!

तट्टा तोच, म्हणून बाजूचा पृष्ठभाग दोन्हींचा १८ चौरस हात. घनफळ मात्र ४.३ घन हातांवरून ८.६ वर गेलं. घेर दुप्पट झाला की आडवा छेद चौपट होतो. उंची निम्मी झाली तरी दुप्पट उरतंच. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात धान्याच्या पोत्यांचं हेच उदाहरण घेतलंय. म्हाताऱ्याचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

तळ आणि झाकण धरलं तर बसक्या कणगीला २३.७ चौरस हात सारवण लागतं, उंच कणगीला १९.४. शेण थोडं जास्त, भात दुप्पट. सौदा वाईट नाही.

आता आजच्या रोह्यात या. धाटावच्या एमआयडीसीत रसायनांच्या टाक्यांसमोर उभे राहा. इथे तळ-झाकणाचा पत्राही विकतचा, त्यामुळे बसकेपणालाही मर्यादा आली. ठरावीक घनफळाच्या बंद टाकीला सर्वांत कमी पत्रा लागतो तो उंची आणि व्यास सारखे असताना.

पटत नसेल तर घरी ए-फोर कागद उभा-आडवा गुंडाळून तांदूळ भरून बघा. बुटक्या नळीत सुमारे १.४ पट मावतील.