मोरचूद ते वनस्पतिजन्य धातुकण : मिरज परिसरातील बुरशीनियंत्रणाचा मागोवा

मिरज परिसराच्या कृषिजीवनात द्राक्षवेल आणि पानवेल या दोन वेलींना विशेष स्थान आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की द्राक्षबागेत केवडा उतरतो; नरवाड, बेडग, आरग येथील पानमळ्यांना मूळकुजीचे भय असते. दोहोंवर दीर्घकाळ भरवसा राहिला तो बोर्डो मिश्रणाचा.

हे मिश्रण फ्रान्समधले. अमेरिकेतून आलेला केवडा तेथे १८७८ मध्ये आढळला. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मेदोक भागातील मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत. त्याच वेलींची पाने टिकल्याचे मिलार्दे यांनी १८८२ मध्ये हेरले आणि १८८५ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढल्यास चुना वाढवायचा. प्रयोगशाळेविना करता येणारी ही परीक्षा हेच या मिश्रणाच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानावे लागेल.

तथापि तांबे विघटित होत नाही; फवारणीगणिक ते मातीत साठते. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो ही मर्यादा घातली. विड्याचे पान तर न शिजवताच खाल्ले जाते, त्यामुळे तेथे अवशेषांचा प्रश्न अधिकच नाजूक ठरतो.

मात्रा घटविण्याची आशा सूक्ष्मकणांनी दाखविली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने चांदी व सोन्याचे सूक्ष्मकण तयार केल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील घटक धातूच्या आयनांचे क्षपण करतात व कणांवर आवरणही चढवितात. पुढे अशा कणांचे बुरशीरोधक प्रयोग विपुल झाले. मात्र येथे 'हरित' असते ती निर्मितीची रीत. धातू हा धातूच राहतो. शिवाय पानांतील घटक ऋतू व जमिनीनुसार बदलत असल्याने दोन घाण्यांतील कण सारखे निघतीलच असे नाही. नॅनो-कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे भारतात २०२० मध्ये आली.

यातील पुष्कळ प्रयोग काचेच्या बशीतील बुरशीवर झालेले आहेत. केवड्याचा रोगकारक मात्र खऱ्या अर्थाने बुरशी नव्हे, आणि तो जिवंत वेलीवाचून वाढतही नाही. त्यामुळे बशीतील यशावरून द्राक्षबागेविषयी अनुमान काढता येत नाही. त्यासाठी फळछाटणीनंतरच्या पावसात, प्रत्यक्ष वेलीवर, बोर्डो मिश्रणाशी तुलना करणाऱ्या चाचण्याच लागतात.