कंबर उतरवणाऱ्या नळीचं घराणं

१९७७ साली पॅरिसचे सर्जन इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे एक रुग्ण आली. पाठीवरची चरबीची गाठ काढायची, पण व्रण दिसता कामा नये, अशी तिची अट होती. ती अभिनेत्री होती असं सांगतात. इलूझनी बारीकसा छेद घेतला, बोथट टोकाची पोकळ नळी आत सरकवली, तिला शोषणयंत्र जोडलं आणि गाठ ओढून घेतली. पाठीवर जमलं ते पोटावर, कंबरेवर, मांड्यांवर का जमू नये? लायपोसक्शनची आज रूढ असलेली पद्धत या प्रश्नातून उभी राहिली.

नळीची कल्पना मात्र उसनी होती. ती नळी कार्मन कॅन्युलाच्या धर्तीची, म्हणजे मुळात गर्भपातासाठीची. कॅलिफोर्नियातला हार्वी कार्मन डॉक्टर नव्हता. बेकायदा गर्भपातापायी त्यानं तुरुंगवासही भोगला होता. त्याची लवचीक प्लास्टिकची नळी गर्भाशयाला कमी इजा करते हे लक्षात आल्यावर डॉक्टरांनीच ती उचलून धरली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धानंतर, १९७२ मध्ये, तो ती घेऊन तिथे गेला. भारतात गर्भपाताचा कायदा त्याच वर्षी अमलात आला आणि इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ट्रेमध्येही कार्मन कॅन्युला त्याच नावानं रुळली.

कंबर बारीक करण्याच्या शस्त्रक्रियेचं माहेर स्त्रीरोग विभागातच आहे. इलूझच्या आधीची पिढीही तिथलीच.

१९२० च्या दशकात पॅरिसमध्येच शार्ल द्युजारिए या सर्जननी एका नर्तकीच्या पायांवरची चरबी काढायला घेतली. हत्यार होतं क्युरेट, गर्भाशय खरवडण्याचं. खरवडताना मोठ्या रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडू लागला आणि शेवटी कापावा लागला. पायांवरच जिचं पोट, तिच्या बाबतीत हे घडलं. त्यानंतर कित्येक वर्षं या वाटेला कुणी फारसं गेलं नाही. १९६४ मध्ये कोलोनच्या योसेफ श्रूडे यांनी पुन्हा क्युरेटच हाती घेतलं. रक्तस्राव आणि कातडीखाली साठणारं पाणी ही दुखणी काही सुटली नाहीत. सत्तरच्या दशकात रोममधल्या आर्पाद आणि जॉर्जो फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळीला शोषण जोडलं, पण नळीच्या आत फिरतं पातं ठेवलंच.

इलूझचं खरं श्रेय त्यांनी काय जोडलं यापेक्षा काय काढून टाकलं यात आहे. पातं गेलं. बोथट टोक पुढे सरकताना मऊ चरबी सुटून येते. चिवट शिरा आणि नसा बऱ्याच अंशी बाजूला सरतात. चरबीच्या थरात बोगदे पडतात, पण त्यांच्यामधले दुवे टिकून राहतात.

तरी रक्त जायचंच. कोरड्या पद्धतीत, म्हणजे आधी कसलाही द्रव न भरता, काढलेल्या ऐवजात रक्ताचा वाटा २० ते ४५ टक्के असे. उपाय सापडला तो कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांना. खूप पातळ केलेलं लिडोकेन आणि ॲड्रेनलिन घातलेलं सलाइन त्यांनी चरबीत इतकं भरलं, की ती जागा टणक होऊन फुगे. ॲड्रेनलिननं रक्तवाहिन्या आकसतात, लिडोकेननं जागा बधिर होते, त्यामुळे पूर्ण भूल न देताही काम होऊ लागलं. १९८७ मध्ये हे छापून आलं आणि रक्ताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास उतरला. नळीपेक्षा या पाण्यानं जास्त जीव वाचवले असावेत.

तरीही हे हत्यार सगळ्या कंबरांचं नाही. बाळंतपणानंतर कातडी लोंबत असेल, पोटाचे स्नायू मधोमध फाकले असतील, तर नळी काय करणार? तिथे चाकूच लागतो. ही दुसरी शाखा नळीहून जुनी, आणि गंमत म्हणजे तिच्याही मुळाशी एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहे: बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे हॉवर्ड केली. १८९९ मध्ये त्यांनी आडवा छेद घेऊन एका स्त्रीच्या पोटावरचा सुमारे साडेसात किलोचा लोंबता भाग काढल्याची नोंद केली. त्यांचा हेतू तिचा भार हलका करण्याचा होता. पुढे ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी छेद खाली, अंतर्वस्त्रात झाकेल असा नेला आणि १९६७ मध्ये अशा ३०० शस्त्रक्रियांचा वृत्तान्त छापला. 'टमी टक'ला चेहरा मिळाला तो तिथून.

जाहिरातींत मात्र कंबर उतरली की प्रकृती सुधारली, असाच सूर असतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या सॅम्युअल क्लाइन यांनी (हे क्लाइन वेगळे) तो पारखून पाहिला. १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरून प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी शोषून काढली गेली. त्यांतल्या सात जणींना मधुमेह होता. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल होतं तिथेच होतं. नळी कातडीखालच्या थरातच फिरते. आतड्यांभोवती साठलेल्या मेदापर्यंत ती पोचत नाही, आणि चरबीच्या काही पेशी गेल्या तरी उरलेल्या पेशी, खाणं कमी केल्यावर जशा आक्रसतात, तशा इथे आक्रसत नाहीत.