खर्जातला माणूस: जेम्स जेमरसन आणि बेस गिटारची गोष्ट

मागच्या काही भागांत आपण गायकांबद्दल बरंच बोललो. आज जरा खाली उतरू या, म्हणजे अगदी खर्जात. आजचा भाग आहे बेस गिटारचा, आणि त्यातही एका माणसाचा. या माणसाचं वाजवणं तुम्ही नक्की ऐकलेलं आहे, पण त्याचं नाव बहुतेक ऐकलेलं नाही. नाव जेम्स जेमरसन. मी त्याला 'तो' म्हणणार आहे, कारण आवडत्या वादकाला आपण अहो-जाहो करत नाही.

मी स्वतः बेस वाजवते, हौसेपुरता. आम्हा बेसवाल्यांची एक खोड आहे. चारजण भेटले की गप्पा तारांवर येतात. कुठल्या तारा लावल्यास? किती जाड? बोटांनी वाजवतोस की पिकने? अँप कुठला? बाकीच्यांना कंटाळा येतो. पण या गप्पा नुसत्या हौसेच्या नाहीत. बेस गिटारचा बराचसा इतिहास या गप्पांमुळेच टिकला. कागदावर तो फार कमी लिहिला गेला होता. कसा, ते आज सांगते.

आधी वाद्याची ओळख. बेस गिटारला साधारणपणे चार तारा. नेहमीच्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. छोट्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरला हा सूर धड पेलतही नाही. म्हणजे वाद्य वाजतंय, गाणं त्याच्यावर उभं आहे, पण ऐकणाऱ्याला ते वेगळं कळत नाही. काढून टाकलं तर मात्र लगेच कळतं. कळसाकडे सगळे बघतात, पाया कुणी बघत नाही, तसलाच प्रकार.

बेस गिटारच्या आधी हे काम डबल बेस करायचा. माणसापेक्षा उंच, उभा धरून वाजवायचं वाद्य. टॅक्सीत मावत नाही, आणि ड्रम अन् ट्रंपेटच्या गदारोळात ऐकूही येत नाही. यावर तोडगा म्हणून सिएटलच्या पॉल टटमार्कने 1930च्या दशकातच आडवा धरायचा विजेचा बेस बनवला होता. ऑडिओव्हॉक्स 736 त्याचं नाव. पण तो फारसा खपला नाही. खरी सुरुवात झाली 1951 साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. प्रिसिजन म्हणजे अचूकता. डबल बेसला पडदे नसतात, सूर कानानेच शोधावा लागतो. याला सतारीसारखे पडदे, म्हणजे फ्रेट होते. बोट ठेवलं की सूर बरोबर. तारेची लांबी त्याने 34 इंच धरली, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात.

सुरुवातीला जॅझवाले नाक मुरडायचे. हे काय खेळणं, म्हणायचे. पण लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये मंक माँटगोमेरीने तो वाजवला आणि लोकांना हळूहळू त्याची सवय झाली. तरी एक प्रश्न उरला होता. या नव्या वाद्याची स्वतःची भाषा काय? डबल बेसचं काम सोप्या पद्धतीने करणं एवढंच? या प्रश्नाचं उत्तर डेट्रॉइटमध्ये मिळालं.

जेमरसनचा जन्म 1936 सालचा, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा. एक गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. लहानपणी तो काठीला रबर ताणून बांधायचा, काठी मुंग्यांच्या वारुळात खोचायचा आणि रबर छेडायचा, मुंग्या नाचाव्यात म्हणून! खरंखोटं देव जाणे, पण बेसवाल्याला शोभणारी गोष्ट आहे. 1954 साली तो डेट्रॉइटला आला. तिथे शाळेत डबल बेस हाती लागला, मग क्लबांमध्ये जॅझ वाजवणं सुरू झालं.

1959 साली बेरी गॉर्डीने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन म्हणून जगभर गाजली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक साधं घर, आणि त्याच्या मागच्या बाजूला रेकॉर्डिंगची खोली. वादक तिला स्नेकपिट म्हणायचे, कारण छतापासून सगळीकडे सापांसारख्या वायरी लोंबायच्या. या खोलीत ठरावीक वादकांचा गट बसायचा. ते स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवून घ्यायचे. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे, गायक बदलायचे, मागचे वादक बहुतेक तेच.

आता आमच्या आवडीचा भाग. सामान!

जेमरसनचा पहिला विजेचा बेस दुसऱ्या एका बेसवादकाचा होता. होरेस 'चिली' रूथ त्याचं नाव. 1957चा काळा प्रिसिजन, टोपणनाव ब्लॅक ब्युटी. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या परंपरेची सुरुवात एका बेसवाल्याकडून दुसऱ्याकडे गेलेल्या वाद्याने झाली. तो बेस चोरीला गेला. मग आला 1962चा प्रिसिजन, द फंक मशीन. त्याच्यावर जेमरसनने स्वतःच्या हाताने 'फंक' असं कोरलं होतं. तारा ला बेला कंपनीच्या, चांगल्या जाड आणि सपाट गुंडाळीच्या. त्या तो तुटल्याशिवाय बदलायचा नाही. जुन्या तारेवरच्या मळातच खरा आवाज आहे, असं त्याचं मत. तारा पडद्यांपासून इतक्या उंच असायच्या की इतरांना तो बेस वाजवणं जड जायचं. मागच्या धातूच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. त्यामुळे सूर लांबत नाही, 'धुम्' होऊन थांबतो. दोन्ही बटणं पूर्ण उघडी, आणि स्टुडिओत वायर थेट रेकॉर्डिंगच्या यंत्रात.

उजव्या हाताचं तर विचारूच नका. बहुतेक बेसवादक दोन बोटं आलटून पालटून वापरतात. जेमरसन बहुतेक सगळं एका तर्जनीने वाजवायचा. त्या बोटाला नावच पडलं, द हुक. ही डबल बेसची सवय. मोकळी तार मध्येच वाजवून डावा हात पुढे सरकवायचा, हीसुद्धा तिथलीच.

पण सामान आणि बोट एवढ्यानं काम भागत नाही. त्याने काय वाजवलं ते महत्त्वाचं. तोवर पॉप गाण्यातला बेस म्हणजे कॉर्डचा मूळ स्वर, मग पाचवा, पुन्हा मूळ. ठेक्याला धरून, अगदी हिशेबी. जेमरसनने काय केलं? मात्रांच्या मधल्या जागा वापरल्या. समेवर येण्याआधीच सूर टाकायचा, मध्येच गप्प राहायचा, शेजारच्या कोमल-तीव्र स्वरांना चाटून पुढे जायचा. गायकाच्या सुरावटीला तो खालून उत्तर द्यायचा. गाण्याच्या आत दुसरं गाणं चालू आहे असं वाटायला लागलं. 1967चं फोर टॉप्सचं 'बर्नाडेट' किंवा 1968चं स्टीव्ही वंडरचं 'फॉर वन्स इन माय लाइफ' काढा आणि फक्त खालचा आवाज धरून ऐका. साधा नियम सांगते, पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द आपोआप वेगळे लागतील.

इंग्लंडमध्ये पॉल मॅकार्टनी हे ऐकत होता. त्याच्यावर या बेसचा मोठा प्रभाव पडला, आणि हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलंही. पण ज्याचा प्रभाव पडला त्याचं नावच त्याला कित्येक वर्षं माहीत नव्हतं! कसं असणार? मोटाउनच्या रेकॉर्डवर गायकाचं नाव असायचं, गीतकार-संगीतकाराचं असायचं. वादकांची नावं छापत नसत. जगभरचे बेसवादक एका माणसाची नक्कल करत होते आणि तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचं तरी कुणाला?

मग 1971 साली मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला. त्याच्या कव्हरवर वादकांची नावं छापली होती, आणि जेमरसनच्या नावाआधी त्याला अतुलनीय म्हणणारं विशेषणही. शीर्षकगीताच्या रेकॉर्डिंगला त्याला क्लबातून शोधून आणलं, त्याला नीट बसताही येईना, म्हणून जमिनीवर उताणा पडून त्याने वाजवलं, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट हसत हसत सांगितली जाते, पण मला ती ऐकताना हसू येत नाही. दारूने तेव्हाच त्याला धरलेलं होतं.

पुढच्याच वर्षी, 1972 साली, मोटाउनने आपलं बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. डेट्रॉइटच्या वादकांचं काम एकाएकी संपलं. जेमरसन मागोमाग लॉस एंजेलिसला गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. संगीत बदललं होतं. नव्या, चकचकीत आवाजाच्या तारा आल्या होत्या. लॅरी ग्रॅहमने अंगठ्याने तार ठोकण्याची पद्धत गाजवली होती. तीही गरजेतूनच आली होती बरं का. आईबरोबर वाजवताना साथीला ड्रमवाला नव्हता, म्हणून त्याने ड्रमचं काम अंगठ्याकडून करून घेतलं. जेमरसनला तारा बदल, पद्धत बदल असं सांगणारे भेटत होते. तो बदलला नाही.

1983च्या मार्चमध्ये मोटाउनच्या 25 वर्षांचा मोठा सोहळा झाला. मायकल जॅक्सनने मूनवॉक केला तोच. ज्या माणसाने त्यातल्या कितीतरी गाण्यांचा पाया घातला, तो तिकीट काढून वरच्या बाल्कनीत बसला होता, असं सांगतात. त्याच वर्षी फंक मशीन चोरीला गेला. थोड्याच दिवसांत, 2 ऑगस्ट 1983 रोजी, जेमरसन गेला. वय 47.

इथे गोष्ट संपली असती. संपली नाही ती बेसवाल्यांमुळे.

फिलाडेल्फियाचा एक गिटारवादक, अ‍ॅलन स्लट्स्की, याने जेमरसनच्या बेसची स्वरलिपी लिहायला घेतली. घेतली सरावाच्या पुस्तकासाठी, पण माहिती गोळा करताना माणूस सापडत गेला. घरचे लोक भेटले, जुने सोबती भेटले. 1989 साली पुस्तक निघालं, 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन'. सोबतच्या ध्वनिमुद्रणात नामवंत बेसवादकांनी त्याच्या ओळी वाजवून दाखवल्या. 2000 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी वेगळा विभाग सुरू केला, आणि पहिल्याच तुकडीत जेमरसन होता. 2002 साली त्याच नावाचा चित्रपट आला आणि उरलेले फंक ब्रदर्स पुन्हा रंगमंचावर दिसले.

नावं न छापण्याचा आणखी एक परिणाम आहे. मोटाउनचं काही रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसमध्येही व्हायचं. तिथे कॅरल के ही फार मोठी बेसवादक काम करत होती. ती पिकने वाजवायची, आणि 1969 साली तिने बेस शिकवणारं पुस्तकही काढलं. काही गाण्यांवरचा बेस कोणाचा, यावर आजही वाद होतो. मी त्या वादात पडणार नाही. पण लक्षात घ्या, त्या दिवशी कुणीतरी कागदावर एक ओळ लिहिली असती तर हा वाद झालाच नसता. दोघांवरही अन्याय झाला तो त्या कोऱ्या जागेमुळे.

आणि आपल्याकडे? वेगळं काही नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजर मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे. त्या गाण्यांचे शब्द आपल्याला पाठ आहेत, पण तबकडीवर वादकांची नावं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' 2008 साली आलं, आणि नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' त्यानंतर. त्या वादकांपैकी अनेकांची माहिती एका जागी आली ती अशा पुस्तकांमुळे. काम फार उशिरा सुरू झालं, तोवर कितीतरी वादक निघून गेले होते.

म्हणून आम्ही बेसवाले भेटतो तेव्हा तारांची जाडी आणि स्पंजचा तुकडा यावर तासभर बोलतो, त्याला हसू नका. जेमरसनचं एक बोट, एक स्पंज, एक न बदललेली तार, हे आज आपल्याला माहीत आहे ते अशाच गप्पांतून. कंपनीने यातलं काही जपलं नव्हतं. वादकांनी वादकांना सांगितलं, म्हणून राहिलं.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या ओळखीत, नात्यात, गल्लीत कुणी जुने वादक असतील, ऑर्केस्ट्रात वाजवलेले, रेकॉर्डिंगला गेलेले, बँडबाजात असलेले, तर जाऊन बसा त्यांच्यापाशी. कुठल्या गाण्याला वाजवलंत, सोबत कोण होतं, वाद्य कुठून आणलंत, एवढं विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा. फोनवर आवाज रेकॉर्ड केलात तर उत्तमच.

पुढच्या भागात खर्जातच राहू, पण फ्रेट काढून टाकलेल्या बेसवर, म्हणजे जाको पास्टोरियसकडे जाऊ. तोपर्यंत 'बर्नाडेट' ऐका. हेडफोन लावून, बरं का, फोनच्या स्पीकरवर नको. त्यातून जेमरसन ऐकू येणार नाही. भेटू या.