शाहीर अमर शेख : डफावर गायलेलं स्वातंत्र्य

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, चौसाळ्यात झेंडावंदन झालं की वर्गातली मुलं आम्हाला हमखास विचारतात, "स्वातंत्र्याच्या लढ्यात आपलं कोण होतं?" या प्रश्नाची उत्तरं पुष्कळ आहेत. हैदराबादचे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांना ठार मारलं. ते लिहून लढले. गाऊन लढलेला माणूस तर आपल्या अगदी शेजारचा आहे.

चौसाळा निजामाच्या राज्यात होतं. दक्षिणेकडची बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती. या बार्शीत 1916 साली मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. घरची गरिबी होती. आई मुनेरबी जात्यावर ओव्या गायच्या, गाण्याचा पहिला धडा तोच. पुढे ते गिरणीत कामाला लागले, संपात उतरले आणि विसापूरच्या तुरुंगातही गेले.

1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत पोवाडा पोचायचा. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा, तरी शेतातली, जात्यावरची बोली मराठीच होती. अशा ठिकाणी तोंडी गाण्याचं मोल काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

अमर शेख यांच्या गाण्यातलं स्वातंत्र्य फक्त झेंडा बदलण्यापुरतं नव्हतं. कष्टकऱ्याला भाकरी, कसणाऱ्याला जमीन आणि माणसाला इज्जत मिळाली तरच ते पुरं होतं. म्हणूनच 1947 नंतरही त्यांचा डफ थांबला नाही. गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा बुलंद आवाज गाजला. 1 मे 1960 रोजी मराठी माणसाचं राज्य झालं, त्यात या आवाजाचाही वाटा आहे. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. ऑगस्ट 1969 मध्ये त्यांचं निधन झालं.

हे काम जगात इतर मुस्लिम समाजांतही झालं आहे. कझाक लोकांत शाहिराला 'अकिन' म्हणतात. तो दोन तारांच्या दोंब्रावर गातो. महांबेत उतेमिसुली या कवीने 1836-38 च्या उठावात खानाच्या जुलमाविरुद्ध तलवारही धरली आणि गाणीही रचली. 1846 मध्ये त्याला मारण्यात आलं, पण गाणी लोकांच्या तोंडी राहिली. कझाकस्तान 1991 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा ती गाणी जिवंत होती.

'शाहीर' हा शब्दही अरबी 'शाइर'वरूनच आला आहे. उर्दूत तो मुशायऱ्यात बसला, मराठीत डफ घेऊन पारावर उभा राहिला. दोन्ही वारसे आपलेच आहेत.

तेव्हा मुलांनी पुन्हा विचारलं तर गप्प बसू नका, अमर शेख यांचं नाव सांगा. आणि घरात दादी-नानीला जात्यावरच्या ओव्या आठवत असतील, तर आजच वहीत उतरवून घ्या. तोंडी ठेवा जपणारं माणूस गेलं की तोही जातो.