जर्मानिक साहाय्यक भाषांच्या व्याकरणाची कुळकथा

भिन्न मातृभाषांच्या लोकांना परस्परांशी व्यवहार करता यावा म्हणून जी भाषा हेतुपूर्वक रचली जाते, तिला साहाय्यक भाषा म्हणतात. १८८७ मध्ये पुढे आलेल्या एस्पेरांतोचा रोख साऱ्या जगाकडे होता. याउलट अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या घरी जन्मलेल्या इलायस मोली यांनी १८८८ च्या पुस्तकात अमेरिकेसाठी जर्मानिक वळणाच्या भाषेचा पुरस्कार केला आणि १९०२ मध्ये इंग्रजी, जर्मन यांसारख्या सगोत्र भाषांच्या मेळातून ‘ट्यूटॉनिश’ सिद्ध केली.

या कुळात काही व्याकरण आयतेच समान आहे. भूतकाळ दर्शविणारा दंत्य प्रत्यय इंग्रजी ‘मेड’, जर्मन ‘माख्टे’ आणि डच ‘माक्ते’ या तिन्ही रूपांत दिसतो, त्यामुळे तेथे रचनाकाराला फारसे ठरवावे लागत नाही. निश्चितता दाखविणारे उपपद मात्र इंग्रजी, जर्मन व डचमध्ये नामाआधी येते, तर स्वीडिशमध्ये ते ‘हूसेत’ म्हणजे ‘ते घर’ या शब्दाप्रमाणे नामाच्या शेवटी जोडले जाते. अनेकवचनाच्या प्रत्ययांतही असाच बेबनाव आहे.

अशा ठिकाणी मोली यांनी बहुधा छाटणीचा मार्ग धरला. ट्यूटॉनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाचा ‘बि’ कर्त्यानुसार बदलत नाही. ‘व्हि’ म्हणजे ‘आम्ही’ हेच रूप कर्म म्हणूनही चालते आणि त्याला ‘ओ’ जोडला की ‘व्हिओ’, म्हणजे ‘आमचा’, असे षष्ठीचे रूप होते. ‘शुल्ड’ म्हणजे ऋण यावरून ‘शुल्डर’ हा ऋणको आणि त्याचे अनेकवचन ‘शुल्डर्स’ असे साधले जाते. येथे अनेकवचनाचा कौल इंग्रजीच्या बाजूने पडला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ही दिशा पालटली. १९१६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचे ‘वेल्टडॉइच’ आणि एमिल श्वोरर यांचे ‘कोलोनिआलडॉइच’ हे प्रस्ताव आले, परंतु ते सगोत्रांमधील तडजोड नसून सोपी केलेली जर्मनच होते. पुढे १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘फोल्कस्प्राक’ या सामूहिक प्रकल्पाने जे रूप अधिकाधिक जर्मानिक भाषांत आढळते ते घ्यावे असे तत्त्व स्वीकारले, तरी मतैक्य न झाल्याने या भाषेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

केवळ बहुमताच्या पद्धतीला याचा दोष देता येत नाही, कारण सर्व निर्णय एकट्याच्या हाती असूनही मोली १९११ मध्ये ‘आल्ट्यूटॉनिश’पर्यंत आणि त्यापुढेही आपली भाषा बदलतच राहिले. सगोत्र भाषा जेथे वेगळ्या होतात तेथे कोणतेही रूप निवडले तरी कोणाला तरी परके वाटते, आणि म्हणून अशा भाषेचे व्याकरण त्याच सांध्यांवर वारंवार उसवत आले आहे.